उन्हाळी वर्गांतील संज्ञापनविद्या

कॉलेजच्या परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न दरसाल निघतो : मुलांनीं हे दोन महिने कसे घालवावे? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर आजोळ, आंबे आणि वाचनालयांतील कादंबऱ्या यांनीं परस्पर देऊन टाकलेलें असे. अलीकडे त्या उत्तराशेजारीं दुसरें एक उत्तर येऊन बसलें आहे. देशांतील व परदेशांतील अनेक कॉलेजें उन्हाळ्यांत चार, सहा किंवा आठ आठवड्यांचे वर्ग चालवितात. त्यांत वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिरात आणि भाषणकला हे विषय एकत्र गुंफून 'संज्ञापन व माध्यमें' या नांवानें शिकविले जातात. माहितीपत्रक देखणें असतें, फी हलकी नसते, आणि घरांतील वडील मंडळींच्या मनांत साहजिकच दोन शंका येतात. बोलणें, वाचणें आणि बातमी ऐकणें या का कॉलेजांत जाऊन शिकण्याच्या गोष्टी आहेत? आणि असल्याच, तर त्या सहा आठवड्यांत शिकून होतील काय?

दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचें निरसन करावयाचें तर ही विद्या कोठून आली, हें प्रथम पाहिलें पाहिजे. 'संज्ञापन' म्हणजे एकाच्या मनांतलें दुसऱ्याच्या मनापर्यंत पोंचविणें. हा व्यवहार मनुष्याइतकाच जुना आहे. परंतु वर्गांत बसून त्याचा पद्धतशीर अभ्यास करण्याची प्रथा त्या मानानें अलीकडची. ती तीन प्रवाहांच्या संगमांतून निर्माण झाली.

पहिला प्रवाह वक्तृत्वाचा. ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच या विषयावर ग्रंथ लिहून ठेवला, आणि पुढें युरोपांत शतकानुशतकें वक्तृत्व हें शिक्षणाचें एक अंग मानलें गेलें. अमेरिकेंत १९१४ सालीं वक्तृत्वाच्या अध्यापकांनीं इंग्रजी भाषेच्या अध्यापकांपासून फारकत घेऊन आपला निराळा संघ स्थापन केला. भाषण हें ऐकणाऱ्याच्या समोर उभें राहून करावयाचें कर्म आहे. निबंधाचे नियम त्याला पुरे पडत नाहींत, ही त्यामागील धारणा. दुसरा प्रवाह वृत्तपत्रांचा. मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा काढली. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकानें ठेवलेल्या देणगींतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१२ सालीं तशीच शाळा उघडली. तिसरा प्रवाह समाजशास्त्राचा व मानसशास्त्राचा. पहिल्या महायुद्धांतील प्रचार आणि त्यानंतर घरोघर आलेली नभोवाणी यांमुळें विद्वानांना एक नवा प्रश्न पडूं लागला. एकाच क्षणीं लक्षावधि लोकांच्या कानांवर पडणारा शब्द त्यांच्या मनाचें करतो तरी काय? १९४३ सालीं विल्बर श्रॅम यांनीं आयोवा विद्यापीठांत या विषयांत डॉक्टरेटपर्यंतच्या शिक्षणाची सोय केली, तेव्हां हे तीनही प्रवाह एका पात्रांतून वाहूं लागले. आपल्याकडे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत १९५२ सालीं वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला, पुणें विद्यापीठानें १९६४ सालीं आपला विभाग सुरू केला, आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ सालीं स्थापन झाली.

या विद्येचा सारा विस्तार पांच प्रश्नांत बसवून दाखविण्याचें काम हॅरॉल्ड लास्वेल या अमेरिकन पंडितानें १९४८ सालीं केलें. बोलणारा कोण, तो सांगतो काय, कोणत्या साधनानें सांगतो, कोणास सांगतो, आणि त्याचा परिणाम काय होतो, हे ते पांच प्रश्न. दिसावयास ते बाळबोध आहेत. परंतु नित्याच्या व्यवहारांत मनुष्य बहुधा दुसऱ्या प्रश्नापाशींच थांबतो. काय सांगितलें एवढेंच तो ऐकतो. सांगणारा कोण, हें तो क्वचित् विचारतो. परिणाम काय झाला, हें तर तो विचारीतच नाहीं, स्वतःच्या मनानें ठरवून टाकतो. पुढें दिसेल कीं, या पांचव्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां विद्वानांना चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे ऐकणाऱ्याकडे, पुनःपुन्हां वळावें लागलें.

हा अभ्यास उन्हाळ्यांतच कां, याचाही इतिहास आहे. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें १८७१ सालीं उन्हाळी वर्ग सुरू केले. १८७४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील शटाक्वा सरोवराच्या कांठीं रविवारच्या धर्मशाळांतील शिक्षकांसाठीं उन्हाळी मेळावा भरला, आणि त्याचें रूपांतर हळूहळू सर्वसामान्य प्रौढांच्या विद्यापीठांत झालें. ऑक्सफर्डमध्यें असा पहिला उन्हाळी मेळावा १८८८ सालीं झाला. या सर्वांमागील विचार एकच : जे लोक वर्षभर कामांत गुंतलेले असतात, त्यांना सुटींत तरी विद्येचा लाभ व्हावा. पुण्याच्या वाचकांना हा विचार परका वाटण्याचें कारण नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें १८७५ सालीं सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही याच जातीची योजना होय. पुढें नभोवाणीचें युग आलें, तेव्हां तिचें शिक्षण देण्यासही उन्हाळाच सोयीचा ठरला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें एन. बी. सी. या नभोवाणी कंपनीच्या सहकार्यानें १९४२ सालीं शिकागोस उन्हाळी नभोवाणी-वर्ग उघडला. कंपनीचे अनुभवी लोक शिकविणार आणि विद्यापीठ त्या शिक्षणास शिस्त लावणार, अशी ती जोड होती. आजचे बहुतेक उन्हाळी माध्यम-वर्ग याच धाटणीवर चालतात.

आतां सहा आठवड्यांच्या शंकेचा ठोकळ हिशेब मांडून पाहूं. अमेरिकन कॉलेजांत एका विषयाचा नेहमींचा वर्ग साधारणतः १५ आठवडे, आठवड्यास ३ तास चालतो. म्हणजे एकूण ४५ तास. तेवढेच तास ६ आठवड्यांत बसवावयाचे तर आठवड्यास साडेसात तास, म्हणजे पांच दिवसांच्या आठवड्यांत रोज दीड तास पडतो. वर्गांतील एका तासामागें घरीं दोन तास काम करावें, असा तेथील प्रघात आहे. म्हणजे रोज आणखी ३ तास. एका विषयास दिवसाचे साडेचार तास लागले, आणि दोन विषय घेतले तर नऊ. तेव्हां उन्हाळी वर्ग हा सुटींतला करमणुकीचा तास आहे, असा समज असेल तर तो सोडून दिलेला बरा. तासांच्या हिशेबानें तो नेहमींच्या वर्गाहून उणा नसतो. उणें पडतें तें मध्यंतर : ऐकलेलें मनांत मुरण्यास लागणारा वेळ.

यावरूनच कोणता विषय उन्हाळ्यांत घ्यावा आणि कोणता घेऊं नये, हें ठरवितां येतें. ज्यास रोजच्या सरावाची गरज आहे, तें या वर्गांत उत्तम साधतें. भाषणकलेचेंच पाहा. आठवड्यांतून एकदां बोलणाऱ्या विद्यार्थ्याची भीति दर खेपेस नव्यानें जागी होते. रोज सर्वांसमोर उभें राहावें लागलें, म्हणजे ती पंधरवड्यांत बोथट होते. नभोवाणीवरील भाषण लिहिण्याचेंही तसेंच. कागदावर डौलदार दिसणारें लांब वाक्य मोठ्यानें वाचतांना मध्येंच दम तोडतें. ध्वनिमुद्रित झालेला स्वतःचा आवाज ऐकला, म्हणजे जो शब्द आपण स्पष्ट उच्चारला असें वाटत होतें तो अर्धा गिळला गेला होता, हें विद्यार्थ्यास कोणी न सांगतां कळतें. आज लिहावें, आज वाचावें, आज ऐकावें आणि उद्यां सुधारून पुन्हां वाचावें, हा क्रम उन्हाळी वर्गासच शक्य आहे.

पाहण्याची दृष्टि तयार करणें हेंही असेंच एकाग्रतेचें काम आहे. पुण्यांत चित्रपट-शिक्षणसंस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनीं मिळून उन्हाळ्यांत अनेक वर्षें चालविलेला चित्रपट-रसास्वादाचा वर्ग याचें चांगलें उदाहरण आहे. प्राध्यापक सतीश बहादूर हे सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' या १९५५ सालच्या चित्रपटाची एकेका दृश्याची फोड करून विद्यार्थ्यांना दाखवीत. कॅमेरा येथेंच कां थांबला, आवाज दृश्याच्या आधीं कां आला, असे प्रश्न एकदां विचारावयाची संवय लागली, म्हणजे प्रेक्षक चित्रपट पाहतांना नुसता वाहून जात नाहीं. रस कमी होत नाहीं. उलट तो कशानें उत्पन्न झाला, हें कळूं लागतें. आपल्या साहित्यशास्त्रांत रसाचा विचार करतांना सहृदय प्रेक्षकाला जें महत्त्वाचें स्थान दिलेलें आहे, त्याचा अर्थही अशा वर्गांत नव्यानें उमगतो.

जें सावकाश वाचावयाचें आहे, तें मात्र या घाईच्या वर्गांत साधत नाहीं. मुद्रणाचा इतिहास, वृत्तपत्रांचे कायदे, लोकशाही व मतस्वातंत्र्य यांविषयींचे थोर ग्रंथ हे सहा आठवड्यांत कोंबण्याचे विषय नव्हेत. त्याचप्रमाणें लोकमतांतील बदल मोजण्यासही काळ जावा लागतो. असे विषय नेहमींच्या वर्षासाठीं राखून ठेवावे.

असें असलें तरी एक गोष्ट अशी आहे कीं, ती या थोड्या आठवड्यांतही पक्की होऊं शकते, आणि ती पक्की झाली नाहीं तर बाकीचें सारें शिक्षण पोकळ ठरतें. ती म्हणजे लास्वेलच्या पांचव्या प्रश्नाचें उत्तर अंदाजानें न देण्याची संवय. चांगले अध्यापक त्यासाठीं घडलेलीं उदाहरणें विद्यार्थ्यांपुढें मांडतात. त्यांपैकीं चार येथें पाहण्याजोगीं आहेत.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं ऑर्सन वेल्स या तरुण नटानें एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून रचलेली एक श्रुतिका सी. बी. एस. च्या नभोवाणीवरून सादर केली. मंगळावरचे लोक न्यू जर्सींत उतरले आहेत, अशी ती कथा होती, आणि ती बातम्यांच्या रूपानें सांगितली होती. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं मोठ्या मथळ्यांखालीं छापलें कीं, देशभर लोक घाबरून घरांबाहेर पळाले. प्रिन्स्टन येथील मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनीं या प्रकाराचा अभ्यास करून १९४० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि नभोवाणी ऐकून सारा देश वेडा झाला ही कथा शास्त्राच्या शिक्क्यानिशीं रूढ झाली.

आतां हा शिक्का तपासून पाहावा. कँट्रिल यांच्या ग्रंथाचा मोठा आधार म्हणजे १३५ लोकांच्या सविस्तर मुलाखती. त्यांतील शंभराहून अधिक लोक, ते घाबरले होते हें आधीं ठाऊक होतें म्हणूनच निवडलेले होते. माणसें कां घाबरलीं, हें समजून घेण्यास अशी निवड उपयोगी पडते. परंतु देशांत शेकडा किती घाबरले, हें तिच्यावरून सांगतां येत नाहीं. त्याच रात्रीं श्रोत्यांची मोजदाद करणाऱ्या हूपर कंपनीनें सुमारे ५००० घरीं टेलिफोनवरून विचारणा केली होती. ती श्रुतिका ऐकत असल्याचें त्यांतील शेकडा सुमारे दोघांनींच सांगितलें. उत्तरकालीन अभ्यासकांनीं आणखीही एक गोष्ट दाखवून दिली. नभोवाणी त्या वेळीं वृत्तपत्रांच्या जाहिराती ओढून नेत होती; तेव्हां ती बेजबाबदार असल्याचें दाखविण्यांत वृत्तपत्रांचा स्वार्थ होता. कांहीं लोक खरोखरच घाबरले, यांत संशय नाहीं. परंतु 'सारा देश' घाबरला हें कोणीं सांगितलें, असा पहिला प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर ती कथा इतकीं वर्षें टिकली नसती.

दुसरें उदाहरण १९४० सालचें. रूझवेल्ट व विल्की यांच्यांतील अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं कोलंबिया विद्यापीठाचे पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं ओहायो संस्थानांतील ईरी हा एक जिल्हा निवडला. तेथील ६०० मतदारांच्या एका गटाला मे ते नोव्हेंबर या काळांत दर महिन्यास भेटून, त्यांचें मत काय आहे आणि तें बदललें तर कशामुळें, याची त्यांनीं नोंद ठेवली. नभोवाणी व वृत्तपत्रें मतदारांना वाटेल तसें फिरवितात, असा सर्वांचा समज होता. १९४४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते निराळेच निघाले. प्रचारामुळें एक पक्ष सोडून दुसऱ्याकडे वळलेले लोक शेकडा ८ च्या आसपास होते. निम्म्याहून अधिकांचें आधींचेंच मत प्रचारानें दृढ केलें. शिवाय, मत ठरवितांना लोकांनीं छापील मजकुरापेक्षां घरच्या, शेजारच्या व कामावरच्या माणसांच्या बोलण्याचा आधार पुनःपुन्हां सांगितला. शब्द नभोवाणींतून निघाला तरी तो ऐकणाऱ्यांच्या आपसांतील बोलण्यांतून गाळून पुढें जातो, असा या अभ्यासाचा बोध होता.

हाच बोध महाराष्ट्राच्या खेड्यांत तपासला गेला, हें तिसरें उदाहरण. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रावरून एक प्रयोग केला. पांच जिल्ह्यांतील सुमारे दीडशें खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापन केलीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा तास, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळाच्या सभासदांनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची, आणि गांवांत काय करतां येईल तें ठरवावयाचें, अशी पद्धत होती. ऐकणें, चर्चा करणें आणि कृति करणें हें सूत्र कॅनडांत १९४१ पासून चालू असलेल्या शेतकऱ्यांच्या नभोवाणी-मंडळांपासून घेतलेलें होतें.

या प्रयोगाचें मोल त्याच्या परीक्षणांत आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे तें काम होतें, आणि लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेंतील पॉल न्यूराथ हे त्याचे सूत्रधार होते. त्यांनीं तीन प्रकारचीं खेडीं तुलनेस घेतलीं : जेथें नभोवाणी-यंत्र आणि श्रोतृमंडळ दोन्ही होतीं अशीं, जेथें यंत्र होतें पण मंडळ नव्हतें अशीं, आणि जेथें यंत्रच नव्हतें अशीं. कार्यक्रमांच्या आधीं व नंतर लोकांना तेच प्रश्न विचारून त्यांच्या माहितींत किती भर पडली, हें मोजलें. श्रोतृमंडळांच्या खेड्यांत भर स्पष्टपणें अधिक पडली. नुसतें यंत्र असलेलीं खेडीं बरींच मागें राहिलीं. सर्वांच्या कानांवर पडलेला आवाज तोच होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर झालेल्या बोलण्यामुळें. 'असें करून पाहिलें तर खर्च किती येईल?' किंवा 'आपल्या जमिनींत हें चालेल का?' असे प्रश्न एकमेकांस विचारणारे श्रोते अधिक शिकले. या यशामुळें १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यांत आली.

तेव्हां ऐकणाऱ्यांच्या आपसांतील बोलण्यांत मोठी शक्ति आहे, हें सिद्ध झालें. परंतु ती शक्ति दुधारी आहे, आणि तिची दुसरी धार वर्गांत एका तासांत दाखवितां येते. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनीं १९४७ सालच्या अफवांवरील आपल्या ग्रंथांत तो प्रयोग वर्णिला आहे. एका विद्यार्थ्यास एक चित्र दाखवावयाचें. त्यानें चित्र न पाहिलेल्या दुसऱ्यास त्याचें वर्णन सांगावयाचें, दुसऱ्यानें तिसऱ्यास, तिसऱ्यानें चौथ्यास. पांच-सहा तोंडांतून गेल्यावर मूळ तपशिलांपैकीं शेकडा ७० च्या आसपास गळून गेलेले असतात. जें उरतें तें अधिक ठळक होतें, आणि ऐकणाऱ्याच्या मनांतील पूर्वग्रहाप्रमाणें वळण घेतें. त्यांच्या एका चित्रांत वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातांत होता. अर्ध्याहून अधिक खेपांस तो कोठल्या तरी टप्प्यावर काळ्या माणसाच्या हातांत जाऊन पोंचला. सांगणाऱ्यांपैकीं कोणीही जाणूनबुजून खोटें बोलत नव्हता, ही यांतील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

चौथें उदाहरण या दुसऱ्या धारेचें, आणि तें महाराष्ट्रानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा देशाच्या निरनिराळ्या भागांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत गांवोगांव फिरणाऱ्या भटक्या समाजांतील पांच माणसें तेथें आलीं. ते मुलें पळविणारे आहेत, अशा संशयानें जमावानें त्यांना मारहाण केली, आणि पांचही जण प्राणांस मुकले. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें, एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, अशी मर्यादा भारतांत घालण्याचें जाहीर केलें.

पुण्याच्या प्रयोगांतील श्रोतृमंडळ आणि राईनपाड्याचा जमाव हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. दोन्हीकडे दूरवरून आलेला शब्द होता, दोन्हीकडे तो माणसांच्या समूहांत बोलला गेला. एकीकडे त्यांतून ज्ञान वाढलें, दुसरीकडे निरपराध माणसें मेलीं. फरक कशाचा? श्रोतृमंडळांत प्रश्न विचारण्यास जागा व वेळ राखून ठेवलेला होता. बोलणारा कोण हें ठाऊक होतें. ऐकलेल्या गोष्टीची आपल्या अनुभवाशीं तुलना करण्याची रीत घालून दिलेली होती. जमावांत यांपैकीं कांहींच नव्हतें. साधनांच्या वेगाला मर्यादा घालणें कंपन्यांच्या हातीं असेल. परंतु ऐकून थांबण्याची आणि विचारण्याची संवय लावणें हें शिक्षणाचेंच काम आहे. बोलणें-ऐकणें या का शिकण्याच्या गोष्टी आहेत, या आरंभींच्या शंकेचें उत्तर याहून निराळें देण्याची गरज नाहीं.

वर्गाची निवड करतांना कुटुंबांतील वडील मंडळींनीं हीच कसोटी लावावी. वर्गांत विद्यार्थी किती आहेत आणि प्रत्येकास स्वतः बोलण्याची व लिहिण्याची पाळी आठवड्यांतून कितीदां येते, हें प्रथम विचारावें. लिहिलेलें शिक्षक तपासून परत देतात कीं नुसती हजेरी लावून प्रमाणपत्र हातीं ठेवतात, हें पाहावें. विद्यार्थ्यास वर्गाबाहेर पडून पांच-पन्नास माणसांना प्रत्यक्ष भेटून विचारावें लागतें काय, आणि त्या माणसांची निवड कशी केली याचा जाब त्यास द्यावा लागतो काय, याची चौकशी करावी. कोणी सहा आठवड्यांत वृत्तसंपादक किंवा चित्रपट-दिग्दर्शक बनवून देण्याचें आश्वासन देत असेल, तर लास्वेलचे पांच प्रश्न त्या माहितीपत्रकालाच लावून पाहावे. बहुधा पहिल्या दोहोंतच उत्तर मिळून जाईल. यंत्रांच्या झगमगाटावरूनही वर्गाची पारख करूं नये. आजचें यंत्र चार-पांच वर्षांत जुनें होतें. परंतु परिणाम मोजल्यावांचून त्याविषयीं बोलूं नये, ही शिस्त जुनी होत नाहीं.

फी परवडत नसेल किंवा असा वर्ग जवळपास नसेल, तरी सुटी वायां जाण्याचें कारण नाहीं. एकाच दिवसाचीं तीन वृत्तपत्रें घेऊन एकाच बातमीचे तीन मथळे ताडून पाहावे; तिघांनीं तिला दिलेली जागा मोजावी; बातमीचा आधार कोणीं, कोणत्या शब्दांत सांगितला आहे तें वहींत टिपावें. एखादें भाषण ऐकल्यावर घरांतील प्रत्येकानें त्याचा सारांश निरनिराळा लिहून काढावा आणि मग ते कागद एकमेकांशीं ताडून पाहावे. चित्राचा खेळ तर घरांतील पांच-सात माणसांतही खेळतां येतो, आणि त्यांत थोरांचीही तितकीच परीक्षा होते. महिनाभर हा क्रम नेमानें चालला, तर उन्हाळी वर्गांतील मोठा भाग घरींच पदरांत पडेल.

या विद्येची खरी परीक्षा मात्र वर्ग संपल्यावर सुरू होते, आणि तिला प्रश्नपत्रिका नसते. एखाद्या संध्याकाळीं घरांत कोणाच्या तरी हातांतील यंत्रावर एक भयंकर वार्ता येते. ती ताबडतोब दहा जणांस कळविली नाहीं तर अनर्थ होईल, असें तींत बजावलेलें असतें. अशा वेळीं घरांतील तरुण मुलानें किंवा मुलीनें शांतपणें 'हें कोणीं सांगितलें, आणि त्याला कसें कळलें?' एवढें विचारलें, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ती वार्ता पुढें जाऊं दिली नाहीं, तर त्या सुटीची फी वसूल झाली असें खुशाल समजावें.